इंकजेटच्या पेनातली शाई : ना गळावी, ना अडावी

"दादा, शाई तर फुल्ल आहे, पण प्रिंट येऊनच नाही राहिली." एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या कुणाच्याही टेबलावर हे वाक्य रोज येतं. जूनमध्ये प्रवेशांची धांदल सुरू झाली, सेतू केंद्रांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांत रांगा लागल्या, की तक्रार तीच राहते, फक्त आवाज चढतो. दुकानात येण्याआधी बहुतेकांनी एकच उपाय करून पाहिलेला असतो, तो म्हणजे हेड क्लीनिंग (हेड म्हणजे शाई उडवणारा भाग, त्याची प्रिंटरकडून करून घेतलेली सफाई). एकदा, दोनदा, पाचदा. त्यात शाई संपते, वाया गेलेली शाई शोषणारं वेस्ट पॅड भरत जातं आणि मूळ दोष जागचा हलत नाही. कारण रिफिल केलेल्या कार्ट्रिजमध्ये आणि टाकीच्या प्रिंटरमध्ये दोष पुष्कळदा नोझल तुंबल्याचा नसतो, आतल्या दाबाचा असतो. हा दाब ओळखायचा कसा, बसवायचा कसा आणि इथल्या उन्हाळ्यात टिकवायचा कसा, ते क्रमाने सांगतो.

मी तीन प्रकारांबद्दल लिहितो आहे. पहिला, घरी आणि लहान ऑफिसात चालणारी, हेड अंगावरच असलेली फोमची कार्ट्रिज, म्हणजे एचपी ६८० किंवा कॅनन ७४५-७४६ या जातीची. दुसरा, संत्रा बर्फीच्या डब्यावर किंवा चिवड्याच्या पाकिटावर बॅच नंबर, तारीख आणि एमआरपी मारणाऱ्या कोडर मशीनमधलं ४५ नंबरचं पेन (तिथल्या कार्ट्रिजला पेन म्हणतात). तिसरा, शाईच्या टाक्या असलेले प्रिंटर.

आधी दाब समजून घ्या

नोझल म्हणजे केसापेक्षाही बारीक भोक. त्याला झाकण नाही, व्हॉल्व्ह नाही, तोंड सरळ कागदाकडे उघडं. मग वरची सगळी शाई खाली का पडत नाही? कारण कार्ट्रिजच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो. आतून कायम हलकी ओढ असते आणि त्या ओढीमुळे प्रत्येक नोझलच्या तोंडाशी शाईचा पृष्ठभाग आत वळून थांबलेला असतो. या ओढीला बॅक प्रेशर म्हणतात. साधारण ५ ते १५ सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतकी ती असते. इतकी नाजूक, की कार्ट्रिज हातात धरून कुशीवर बोटाने जोरात दाबली तरी मोडते.

एचपी आणि कॅननच्या हेडमध्ये नोझलमागचा छोटा हीटर क्षणभर तापतो, वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि थेंब बाहेर उडतो, म्हणून या हेडला थर्मल म्हणतात. एप्सन आणि ब्रदरमध्ये पिझो स्फटिक वाकून थेंब ढकलतो. थेंब उडाला की रिकामी झालेली जागा नोझल केशाकर्षणाने स्वतःच भरून घेतं. भरताना त्याला त्या मागच्या ओढीविरुद्ध शाई खेचावी लागते, आणि सगळं गणित इथेच आहे. ओढ कमी पडली तर शाई नोझलच्या पत्र्यावर पसरते, रंग एकमेकांत मिसळतात, थेंब गळतो. ओढ जास्त झाली तर नोझल वेळेत भरत नाही, प्रिंट फिकट होत जाते आणि शेवटी नोझलमधूनच हवा आत शिरते.

ही ओढ तयार करायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. फोमच्या कार्ट्रिजमध्ये स्पंजची सूक्ष्म छिद्रं शाई धरून ठेवतात. ४५ नंबरच्या पेनात लवचिक पिशवी आणि तिला ताणून धरणारी स्प्रिंग असते. शाई कमी होईल तशी पिशवी आवळू पाहते, स्प्रिंग विरोध करते, त्या विरोधातून ओढ मिळते. टाकीच्या प्रिंटरमध्ये मुख्य काम उंची करते, टाकीतली शाई हेडच्या पातळीखाली ठेवलेली असते. काही रचनांमध्ये याशिवाय हवा आत घ्यायला एक बारीक भोक असतं. एरवी त्याच्या तोंडाशी शाईच बुचासारखी बसलेली असते. ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तिथून हवेचा एक बुडबुडा आत जातो आणि ओढ परत जागेवर येते. पाण्याचा २० लिटरचा जार डिस्पेन्सरवर उलटा बसवल्यावर ग्लासभर पाणी काढलं की वर "गुडुक" असा बुडबुडा जातो, तेच हे तत्त्व.

निदान : तीन कागद आणि पंधरा मिनिटं

बाटली, सिरिंज काहीही हातात घेण्याआधी हे करा. नोझल चेक काढा, म्हणजे कुठली नोझल छापत नाहीत ते दाखवणारं प्रिंटरचं चाचणी पान. लगेच एका रंगाने पूर्ण भरलेलं एक पान छापा, काळ्याची तक्रार असेल तर काळं. लगेच परत नोझल चेक काढा. तिन्ही कागदांवर पेनाने क्रम लिहून शेजारी ठेवा. मग प्रिंटरला हात न लावता पंधरा मिनिटं थांबा आणि आणखी एक नोझल चेक घ्या.

पहिला चेक चांगला, भरीव पान वरून गडद आणि खाली जाता जाता फिकट, दुसरा चेक तुटका, आणि पंधरा मिनिटांनंतरचा चेक पुन्हा चांगला, असं दिसलं तर शाई पोचायला वेळ लागतो आहे. तुंबलेलं नोझल नुसतं थांबून सुटत नाही, पण उपाशी नोझल थांबलं की भरतं. माझ्या मते सगळ्या निदानात हीच खूण सर्वांत मोलाची आहे आणि ती न पाहताच बहुतेक चांगल्या कार्ट्रिज फेकल्या जातात. इथे हेड क्लीनिंगने काहीच साधत नाही. कार्ट्रिजमध्ये हवा आत यायची वाट बंद झाली आहे का, ते शोधा.

तुटलेल्या रेषा तिन्ही चेकमध्ये अगदी त्याच जागी असतील तर नोझल खरोखर तुंबलंय, किंवा थर्मल हेडमधला हीटर जळालाय. तुटलेल्या रेषा प्रत्येक चेकमध्ये जागा बदलत असतील तर नळीत किंवा हेडमध्ये हवा फिरतेय. हे टाकीच्या प्रिंटरमध्ये जास्त दिसतं. पिवळ्या पट्टीत हिरवट झाक आली, कागदावर ठिपके पडले किंवा कार्ट्रिजखालची जागा ओली दिसली, तर ओढ कमी पडतेय.

एक गोष्ट मनापासून सांगतो. थर्मल कार्ट्रिज फिकट छापायला लागली की "दोन पानं राहिलीत, काढून घेऊ" म्हणून पुढे छापू नका. हीटरची उष्णता शाईच बाहेर घेऊन जाते. शाई नसताना हीटर तापत राहिला की तो जळतो, आणि जळलेला हीटर कुठल्याही पाण्याने, कुठल्याही क्लीनरने परत येत नाही.

फोमची कार्ट्रिज भरताना

यासाठी सिरिंज आणि सुई, मऊ टिश्यू पेपर, डिस्टिल्ड वॉटर, आणि एक ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. काटा चैनीची वस्तू वाटेल, पण दाब बिघडू न देण्याचा सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे. नवीन कार्ट्रिज आणली की क्लिप आणि टेप काढून तिचं वजन करा आणि मार्करने तिच्यावरच लिहा. शाईची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर धरायला हरकत नाही. रिफिल करताना त्या मूळ वजनाच्या वर कधीही जायचं नाही, एखादा ग्रॅम कमीच ठेवायचा.

याचं कारण फोममध्ये आहे. स्पंज गच्च भिजला की त्याची रिकामी छिद्रं संपतात आणि धरून ठेवायची ताकदही संपते. "पाच मिली जास्त मारून द्या, सारखं सारखं यावं नाही लागत" असं सांगणारे गिऱ्हाईक भेटतात. ते पाच मिली बॅगेत, टेबलावर आणि शेवटी प्रिंटरच्या सर्किटवर जातात.

भरायची रीत अशी. लेबल थोडं उचला, खालची भोकं दिसतील. रंगीत कार्ट्रिज असेल तर टूथपिक बुडवून कुठल्या भोकात कुठला रंग आहे ते आधी पाहा. मॉडेलनुसार जागा बदलतात, त्यामुळे पाठांतरावर विसंबू नका. सुई फोमच्या तळापर्यंत न्या, मग किंचित वर घ्या. एक मिली शाई सोडायला निदान अर्धा मिनिट लागू द्या. घाई केली की शाई स्पंजच्या कडेकडेने धावते आणि मध्ये हवा कोंडते. पुढे भरीव पान छापताना हीच कोंडलेली हवा वाट अडवते. भोकाशी शाई चमकू लागली की थांबा आणि अर्धा ते एक मिली परत ओढून घ्या. वरचा थर कोरडा दिसला पाहिजे.

आता सर्वांत जास्त चुकणारी पायरी. लेबलखाली झाकणावर नागमोडी खाच कोरलेली असते, तोच कार्ट्रिजचा श्वास. जेवढी शाई बाहेर जाईल तेवढी हवा त्या लांबलचक वळणाच्या खाचेतून आत येते, आणि खाच लांब असल्यामुळे शाई वाळत नाही. रिफिल झाल्यावर गळू नये म्हणून लोक वरून सेलोटेप घट्ट चिकटवतात. अर्धं पान झकास येतं, मग प्रिंट फिकी पडते, थांबलं की परत येते. वर सांगितलेलं निदान आठवा. टेप काढा, मूळ लेबलच परत बसवा, आणि ते फाटलं असेल तर टेप लावताना खाचेचं एक टोक उघडं राहील असं पाहा.

मग नोझलकडे या. टिश्यूची चौपदरी घडी डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करा, टेबलावर ठेवा आणि कार्ट्रिज तोंडाकडून तिच्यावर अलगद टेकवा. घासायचं नाही, नुसतं टेकवायचं. पाच-सात सेकंदांनी उचला. काळ्याची एक ठळक, सलग पट्टी उमटली पाहिजे, रंगीतच्या तीन वेगळ्या पट्ट्या. एखादी पट्टी मध्येच विरळ असेल तर तीच जागा परत टेकवा. तीनही रंग मिसळून एकच काळपट डाग येत असेल तर शाई जास्त आहे. भोकातून थोडी ओढा आणि कोरड्या टिश्यूवर परत टेकवा.

शेवटची परीक्षा सोपी आहे. कार्ट्रिज तोंड खाली करून, कुठेही न टेकवता, कोऱ्या कागदावर अधांतरी धरा किंवा दोन पट्ट्यांवर ठेवा. पाच मिनिटांत खाली थेंब पडला नाही, नोझलच्या पत्र्यावर फुगलेला थेंब दिसला नाही, तर ओढ बसली. मग प्रिंटरमध्ये घाला आणि शक्य असेल तर रात्रभर तशीच राहू द्या. स्पंजमध्ये शाई सारखी पसरायला वेळ लागतो, भरल्या भरल्या पन्नास पानांचं काम लावू नका.

पातळ करायला शाईत पाणी किंवा स्पिरिट घालणारेही आहेत. स्पिरिटमुळे शाईचं पृष्ठताण कमी होतं, ती नोझलच्या तोंडाशी थांबत नाही, पत्र्यावर पसरते. म्हणजे ओढ शाबूत असूनही कार्ट्रिज गळते. शाई त्या कार्ट्रिजसाठीचीच घ्या, आणि पिगमेंट शाईच्या (बारीक रंगकण तरंगत असलेल्या) जागी डाय (रंग पूर्ण विरघळलेली) किंवा डायच्या जागी पिगमेंट भरू नका. दोन वेगळ्या शाया एकत्र आल्या की कधी कधी साका धरतो आणि तो थेट नोझलच्या फिल्टरवर बसतो.

कोडरचं ४५ नंबरचं पेन

या पेनात ४२ मिली शाई असते, ३०० नोझल असतात आणि एका फटक्यात अर्धा इंच उंचीची छपाई होते. छोट्या पॅकिंग युनिटमध्ये हे हातात धरायच्या किंवा पट्ट्यावर बसवलेल्या मशीनमध्ये चालतं. आत फोम नाही, त्यामुळे टिश्यूवर दाबून शाई बाहेर काढायची सवय इथे सांभाळून वापरा. एकदा जोरात दाबून पिशवी आणि स्प्रिंगचा ताण मोडला की पेन गळतं.

रिफिल केलंच, तर भरून झाल्यावर एक-दोन मिली शाई परत ओढणं ही इथे सक्तीची पायरी समजा. त्या ओढण्यानेच स्प्रिंगवर ताण येतो, तोवर बॅक प्रेशर जवळपास शून्य असतं. पेन आडवं ठेवून छापायचं मशीन असेल तर हे जास्तच महत्त्वाचं.

प्लास्टिकच्या पाकिटावर टिकावी म्हणून वापरतात ती सॉल्व्हंट शाई तर मे महिन्यात उघड्या नोझलवर काही मिनिटांत सुकते. जेवणाची सुट्टी झाली तरी नोझल झाकणारी क्लिप लावायचीच. सुरू करताना धागे न सुटणाऱ्या कापडाने नोझलच्या रांगेच्या दिशेने एकदाच पुसा, मागेपुढे घासू नका, आणि रद्दी पुठ्ठ्यावर दोन-चार छाप सोडून मग माल लावा. अक्षरांच्या कडा धुरकट येत असतील तर आधी पेन आणि पुठ्ठ्यातलं अंतर पाहा, ते एक-दोन मिलिमीटरच हवं. छाप फिकट आला म्हणून लगेच व्होल्टेज वाढवणारे ऑपरेटर आहेत. शाई पोचत नसताना व्होल्टेज वाढवणं म्हणजे हीटर लवकर जाळणं.

टाकीचे प्रिंटर

इथला नियम उंचीचा आहे. टाकी एक सेंटीमीटर वर नेली की एक सेंटीमीटर पाण्याइतका दाब बदलतो, आणि एकूण खेळच पाच-पंधरा सेंटीमीटरचा आहे. जुन्या प्रिंटरला बाहेरून बसवलेली सीआयएसएसची (नळ्यांतून सतत शाई पुरवणाऱ्या जोडणीची) टाकी "दिसायला बरी" म्हणून प्रिंटरच्या डोक्यावर ठेवलेली असते. शाई हेडमध्ये उतरते, हेडखालच्या रबरी कॅपमधून ओसंडते आणि एका रात्रीत टेबल रंगतं. टाकी आणि प्रिंटर एकाच सपाट पृष्ठभागावर ठेवा. अशा टाकीला प्रत्येक रंगासाठी सहसा दोन भोकं असतात. छापताना फिल्टर लावलेलं छोटं हवेचं भोक उघडं आणि भरायचं मोठं भोक बुचाने बंद पाहिजे. दोन्ही बंद राहिली की प्रवाह थांबतो.

कंपनीच्याच टाकीच्या प्रिंटरमध्ये शाई खालच्या आणि वरच्या रेषेच्या मध्ये ठेवा. खालच्या रेषेखाली गेली की नळीत हवा शिरते आणि ती काढणं महागात पडतं. काही मॉडेलना वाहतुकीसाठी शाई बंद करायचा खटका असतो. घर बदललं, प्रिंटर स्कूटीवर नेला, पोचल्यावर खटका उघडायचा राहिला, असं सर्रास होतं. शाई येत नसेल तर आधी तो पाहा.

नळीत हवा दिसत असेल तर एक-दोन, फार तर तीन वेळा हेड क्लीनिंग करा आणि मग थांबा. एप्सनच्या टाकीवाल्या प्रिंटरसाठी कंपनीच सांगते की तीनदा करून फरक पडला नाही तर निदान १२ तास प्रिंटर तसाच ठेवा. त्या वेळात बुडबुडे वर सरकतात आणि हेड हळूहळू भरतं. त्यानंतर गरज पडली तरच पॉवर क्लीनिंग (जास्त शाई ओढून होणारी जोरदार सफाई), आणि ते करताना प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली हवी. कमी शाईवर पॉवर क्लीनिंग केलं की पंप शाईऐवजी हवाच ओढतो. या सगळ्या साफसफाईतली शाई वेस्ट पॅडमध्ये जाते, तेही कधीतरी भरतंच.

नागपूरचा उन्हाळा

घरगुती इंकजेट साधारण १० ते ३५ अंश तापमानात आणि २० ते ८० टक्के आर्द्रतेत चालवायला बनवलेले असतात. मेमधल्या दुपारी बाहेर ४५ अंश आणि हवा कोरडी ठणठणीत, म्हणजे दोन्ही मर्यादा मोडतात. हवेचं साधं गणित करू. अर्ध्या रिकाम्या पेनात २० मिली हवा कोंडलेली आहे आणि तापमान २५ वरून ४५ अंशांवर गेलं, तर ती हवा सुमारे ७ टक्के फुगते, म्हणजे सुमारे १.३ मिली. पेनात पाण्याची वाफही असते, ती धरली तर याहून जास्त. तेवढी शाई बाहेर ढकलली जाऊ शकते. म्हणूनच सकाळी ठीक असलेलं पेन दुपारी गाडीच्या डिकीत ठेवलं की गळलेलं मिळतं. भरलेल्या पेनापेक्षा अर्धं संपलेलं पेन उन्हात जास्त गळतं, कारण हवा त्यात जास्त. सीताबर्डीहून शाई किंवा रिफिल केलेली कार्ट्रिज घेतली तर दुपारभर डिकीत ठेवू नका, हातात घेऊन घरी जा.

दुसरा प्रश्न कूलरचा. प्रिंटर कूलरच्या सरळ झोतात असेल तर वाऱ्यासोबत धूळ आणि पाण्यातल्या क्षारांचे बारीक कण आत जातात, कागद लिबलिबीत होऊन वाकतो. झोताच्या बाजूला, भिंतीशी, उन्हाच्या खिडकीपासून दूर जागा द्या. वापर नसेल तेव्हा वरून कापड टाका.

प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, बोर्डावरच्या स्विचने नाही. बटणाने बंद केला तर हेड रबराच्या कॅपवर जाऊन बसतं आणि नोझल झाकली जातात. छापता छापता लाइट गेली तर हेड मध्येच उघडं राहतं, आणि कोरड्या हवेत एक रात्र त्याला पुरेशी होते. लाइट आली की प्रिंटर चालू करून हेड जागेवर गेल्याचा आवाज ऐका, मग बटणाने बंद करा. महिन्यातून एकदा त्या कॅपच्या रबराच्या ओठावर केस किंवा कागदाचा तुकडा अडकलाय का ते टॉर्चने पाहा. एवढ्याशा फटीने झाकण बसत नाही, शाई सुकते आणि पंपाला ओढही धरता येत नाही. पुसायला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच डिस्टिल्ड वॉटर घ्या, नळाच्या पाण्यातले क्षार सुकून नोझलवर बसतात. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक छोटं पान छापलं की पुरे.

सुट्टीत गावाला जायचं असेल तर टाकीच्या प्रिंटरची पातळी खालच्या रेषेच्या वर असल्याची खात्री करा आणि तो जागेवरच राहू द्या. काढलेली कार्ट्रिज मूळ क्लिप लावून, तोंड खाली करून, झाकणाच्या डब्यात ठेवा, शेजारी ओलसर स्पंजचा तुकडा टाका. मात्र स्पंज, टिश्यू किंवा कापड नोझलला टेकू देऊ नका, टेकलं की ते शाई शोषत राहतं आणि रंग मिसळतात. डबा फ्रीजमध्ये नको, बाहेर काढल्यावर संपर्काच्या तांब्याच्या पट्ट्यांवर पाणी धरतं. आतल्या खोलीतलं, ऊन न येणारं कपाट बरं. परत आल्यावर आधी टिश्यूवर टेकवून पट्टी पाहा, मग प्रिंटरमध्ये घाला, आणि एखादा रंग दोन-तीन ओलसर टेकवण्यांनंतरही त्याच जागी तुटत असेल तर ती कार्ट्रिज ई-कचऱ्यात देऊन नवी आणा.